मुक्तशैली कशातून मुक्त?

ऐरोलीहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांची लेक ठाण्याला पोहायला जाते. पालथं राहायचं, एकामागून एक हात डोक्यावरून पुढे टाकायचा, पाय सतत वरखाली हलते ठेवायचे आणि श्वासापुरती मान बाजूला वळवायची, या पोहण्याला तिथले सर आणि मुलं 'फ्रीस्टाइल' म्हणतात. वर्तमानपत्रात त्यालाच 'मुक्तशैली' छापून येतं. ताई विचारतात, "हात कुठे पडावा, कोपर किती वाकावं, श्वास कधी घ्यावा, सगळं ठरलेलं. मग ही शैली मुक्त कशी? आणि ज्या स्पर्धेत वर्षागणिक नवा माणूस जिंकतो, तिला राष्ट्रीय 'अजिंक्यपद' स्पर्धा का म्हणायचं?"

दोन्ही प्रश्न मनापासून आवडले. पहिल्याचं उत्तर शब्दकोश उघडून मिळत नाही, त्यासाठी शर्यतींच्या इतिहासात शिरावं लागतं.

आधी थेट उत्तर देतो. ताईंची लेक ज्या पद्धतीने पोहते तिचं नाव फ्रंट क्रॉल, किंवा नुसतं क्रॉल. फ्रीस्टाइल हे शर्यतीचं नाव आहे. या शर्यतीचा नियम सांगतो की पोहणाऱ्याने हव्या त्या पद्धतीने पोहावं. वळताना आणि शेवटी शरीराचा कुठलाही भाग भिंतीला लागला पाहिजे, आणि सूर मारल्यावर किंवा वळल्यावर १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर आलं पाहिजे. हातपाय कसे मारायचे याबद्दल त्यात अक्षर नाही. उद्या एखादी मुलगी १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये उताणी पोहली आणि पहिली आली, तर पंच तिला बाद ठरवू शकत नाहीत. ब्रेस्टस्ट्रोकच्या, म्हणजे पालथं राहून दोन्ही हात एकदम आणि पाय बेडकासारखे मारण्याच्या, शर्यतीत मात्र वळताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले नाहीत एवढ्यावरही बाद होता येतं.

म्हणजे मुक्त आहे ती शर्यत. तरी सगळे क्रॉलच का मारतात? कारण त्याहून वेगवान पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. पण क्रॉल सापडायलाही बराच काळ लागला, आणि ती शोधाशोध विजेत्यांनी शर्यतीतच केली.

इंग्लंडमध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या शर्यती सुरू झाल्या त्या १८६९ साली, थेम्स नदीत एक मैल पोहून. तेव्हा कुणी ब्रेस्टस्ट्रोक मारी, कुणी कुशीवर पडून पोहे. पद्धतीवर बंधन नव्हतं, त्यामुळे 'फ्रीस्टाइल' असं वेगळं सांगायची गरजही नव्हती. खरं तर हात पाण्याबाहेरून पुढे टाकण्याची रीत इंग्रजांनी १८४४ मध्येच लंडनला पाहिली होती. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे जमातीचे दोघे तिथे शर्यतीत पोहले. वेग डोळ्यांसमोर होता, पण ते हात आपटणं, पाणी उडवणं इंग्रजांना असभ्य वाटलं, आणि पुढची कित्येक वर्षं ते आपला संथ ब्रेस्टस्ट्रोकच मारत राहिले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. नियम मोकळा होता, पण कसं पोहणं शोभतं याच्या कल्पना मोकळ्या नव्हत्या.

१८७३ मध्ये जॉन ट्रजन नावाच्या पोहणाऱ्याने दोन्ही हात आळीपाळीने पाण्याबाहेरून टाकत लंडनमध्ये शर्यत मारली. ही रीत तो दक्षिण अमेरिकेत शिकून आला होता. पाय मात्र कात्रीसारखे उघडमीट करायचे. या पद्धतीला त्याचंच नाव पडलं. ऑस्ट्रेलियाचा फ्रेडरिक लेन हीच पद्धत वापरून १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर जिंकला. ती शर्यत सीन नदीत झाली होती.

पायांचा प्रश्न सुटला तो सिडनीत. सॉलोमन बेटांवरून आलेला ॲलिक विकहॅम हा मुलगा पाय सरळ ठेवून वरखाली मारत पोहायचा. त्याला पाहून कुणीतरी "पोरगं सरपटतंय बघा" असं म्हणालं आणि त्यावरून 'क्रॉल' हे नाव पडलं, असं सांगतात. तिथल्या कॅव्हिल कुटुंबातल्या भावांनी ही रीत उचलली आणि ऑस्ट्रेलियाबाहेर नेली. अमेरिकेच्या चार्ल्स डॅनियल्सने तिच्यात भर घातली. पण ज्याच्यामुळे वाद मिटला तो हवाईचा ड्यूक कहानामोकू. ऑगस्ट १९११ मध्ये होनोलुलूच्या बंदरात तो १०० यार्ड ५५.४ सेकंदांत पोहला, तेव्हाच्या विक्रमाहून साडेचार सेकंदांनी पुढे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेने हा विक्रम मान्यच केला नाही. पाण्याला ओढ असेल, घड्याळं चुकली असतील, अशा शंका निघाल्या. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमला ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं आणि १९२० मध्ये अँटवर्पला पुन्हा घेतलं.

त्याच स्टॉकहोमला बायकांची पोहण्याची शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली. १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकणारी ऑस्ट्रेलियाची फॅनी ड्युरॅक आपल्या ताईंच्या प्रश्नाला एकटीच उत्तर देऊ शकेल. तिने सुरुवात ब्रेस्टस्ट्रोकने केली, मग ट्रजनची पद्धत घेतली आणि शेवटी क्रॉल. पद्धती तीन झाल्या, पण शर्यतीचं नाव शेवटपर्यंत एकच राहिलं.

१९२२ मध्ये जॉनी वाइसमुलर १०० मीटर ५८.६ सेकंदांत पोहला. मिनिटाच्या आत येणारा तो पहिला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ड्यूकला मागे टाकलं, आणि तिसरा आला ड्यूकचा धाकटा भाऊ सॅम. अमेरिकेची ५२ राष्ट्रीय विजेतेपदं वाइसमुलरच्या नावावर आहेत. पुढे तो सिनेमात टारझन झाला, त्यामुळे आपल्या आजोबांच्या पिढीलाही तो ठाऊक होता, पण पोहणारा म्हणून कमी. बायकांमध्ये मिनिटाची भिंत ओलांडायला १९६२ उजाडलं. ती ओलांडली डॉन फ्रेझरने, आणि १९५६, १९६० आणि १९६४ अशी सलग तीन ऑलिंपिक तिने हीच शर्यत जिंकली.

हे सगळं चालू असताना दुसरीकडे काय झालं ते पाहिलं की नावाचा उलगडा होतो. हात पाण्याबाहेरून टाकण्याच्या पद्धती, आधी ट्रजनची आणि मग क्रॉल, इतक्या वेगवान ठरल्या की मोकळ्या शर्यतीत बाकीच्या पद्धती दिसेनाशा झाल्या. त्यांना टिकवायचं तर वेगळ्या शर्यती हव्यात. ऑलिंपिकमध्ये १९०० ला बॅकस्ट्रोक, म्हणजे उताणं पोहणं, वेगळा झाला, १९०४ ला ब्रेस्टस्ट्रोक. बटरफ्लाय, म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेरून पुढे टाकत पोहणं, आधी ब्रेस्टस्ट्रोकच्याच शर्यतीत मारला जाई, त्याला १९५६ मध्ये स्वतःची शर्यत मिळाली. या तिघांना बंधनं आली, आणि उरली ती फ्री. म्हणून हा शब्द समजून घ्यायचा तो या तिघांच्या शेजारी ठेवून.

याला एक अपवाद आहे, आणि शब्दाचा अर्थ त्यातच नीट कळतो. मिडलेमध्ये, म्हणजे एकाच शर्यतीत चारही प्रकार पोहायचे असतात तेव्हा, शेवटचा टप्पा फ्रीस्टाइलचा असतो. तिथे मात्र बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक सोडून काहीही, असा नियम आहे. तिथे ती पूर्ण मुक्त नाही. ताईंच्या लेकीने कधी आयएम, म्हणजे एकटीने पोहायची मिडले, पोहायचं ठरवलं तर हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडचे विजेते. सचिन नाग यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही याची मला खंत आहे. बनारसला जन्म, पोहणं कलकत्त्याचं. १९४७ च्या धुमश्चक्रीत पायाला गोळी लागली, तरी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते उतरले. १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली. २०२३ च्या हांगझोऊपर्यंत धरलं तरी आशियाई स्पर्धेतल्या पोहण्याच्या शर्यतींत भारताचं ते एकमेव सुवर्ण. २०२० मध्ये त्यांना मरणोत्तर ध्यानचंद पुरस्कार मिळाला. मुलींमध्ये २००० च्या सिडनी ऑलिंपिकला निशा मिलेट २०० मीटर पोहली, २००४ ला अथेन्सला शिखा टंडन ५० आणि १०० मीटर, आणि २०२४ ला पॅरिसला अवघ्या १४ वर्षांची धिनिधी देसिंगू २०० मीटर. तिघीही बंगळूरच्या, आणि तिघींची शर्यत फ्रीस्टाइलच.

आपला वीरधवल खाडे कोल्हापूरचा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला ५०, १०० आणि २०० मीटर अशा तिन्ही फ्रीस्टाइल शर्यतींत तो उतरला तेव्हा शाळकरी वयाचा होता. २०१० ला आशियाई स्पर्धेत त्याला पदक मिळालं ते बटरफ्लायचं. मग तहसीलदाराची नोकरी सांभाळून तो परत तलावात आला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याने २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि अंतिम शर्यतीत त्याचं कांस्य हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागाने. त्याची वेळ २२.४७, तिसऱ्याची २२.४६. वळण नसलेली एका लांबीची शर्यत, आणि हाताचं बोट भिंतीला किती ताणून लागलं यावर पदक. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊनच त्याने निवृत्ती पत्करली. त्याच स्पर्धेत मुलींच्या ५० मीटरचं सुवर्ण त्याच्या बायकोने, ऋजुता खाडेने घेतलं. एका घरातली ही दोन सुवर्णपदकं मराठी वाचकांच्या तोंडी असायला हवीत.

आता मराठीकडे. 'फ्रीस्टाइल' हा शब्द आपल्याकडे तलावाबाहेरही सर्रास चालतो. "पार्किंगवरून दोन गटांत फ्रीस्टाइल हाणामारी" हा मथळा ठाण्याच्या पानावर कुणी वाचला नसेल? माझ्या मते हा अर्थ पोहण्यातून आलेला नाही, कुस्तीतून आलेला असावा. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली पकड घेता येत नाही, फ्रीस्टाइलमध्ये घेता येते. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्य फ्रीस्टाइलचंच. पुढे दारासिंगांच्या जमान्यातल्या कुस्त्यांमुळे लोकांच्या मनात या शब्दाचा 'काहीही चालतं' असा अर्थ पक्का झाला आणि तिथून तो हाणामारीत शिरला. कुस्ती काय, पोहणं काय, दोन्हीकडे बंधन असलेला भाऊ शेजारी आहे म्हणून हा मोकळा.

म्हणून 'मुक्तशैली' हे भाषांतर मला योग्य वाटतं, शर्यतीला वापरलं तर. "१०० मीटर मुक्तशैलीत सुवर्ण" हे बरोबर. "मुलगी मुक्तशैली शिकते" हे खटकतं, तिथे 'क्रॉल' लिहावं. तलावावर बोलताना मात्र कुणी हा भेद पाळत नाही आणि पाळायची सक्तीही नको. "चार फ्री, दोन बॅक, मग किक!" असं सर ओरडले की कळव्याच्या पोरांना काय करायचं ते बरोबर कळतं. क्रॉलला नवा मराठी शब्द पाडावा असं काहीजण सुचवतात. मला ते गरजेचं वाटत नाही. विहिरीत भोपळा बांधून शिकणाऱ्यांच्या तोंडी सूर, मुटका, बुडी, सांगड असे अस्सल शब्द आहेत, आणि 'पट्टीचा पोहणारा' याला तर तोड नाही. ते वापरात राहतील एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

'अजिंक्यपद' या शब्दावर आक्षेप असा की अजिंक्य म्हणजे ज्याला जिंकता येत नाही, मग पुढच्या वर्षी दुसरा कसा जिंकतो? यात 'पद' या शब्दाकडे दुर्लक्ष होतं. अजिंक्य हे माणसाचं वर्णन नाही, त्याच्याकडे असलेल्या पदाचं नाव आहे. राजा बदलतो, राजपद राहतं. साताऱ्याचा किल्ला १७०० मध्ये औरंगजेबाने घेतला, त्याचं नाव आझमतारा ठेवलं. मराठ्यांनी तो परत घेतल्यावर ताराराणीच्या काळात त्याला 'अजिंक्यतारा' म्हटलं गेलं. हातून गेलेल्या किल्ल्याला अजिंक्य म्हणताना आपल्या पूर्वजांना व्याकरण आडवं आलं नाही. 'विजेतेपद' आणि 'जेतेपद' हेही तितकेच चांगले शब्द आहेत. माझा कल असा : स्पर्धेच्या नावात अजिंक्यपद, माणसाने मिळवलेल्या यशाला विजेतेपद. वीरधवलने राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत विजेतेपद पटकावलं, असं.

याहून मोठा घोळ बातम्यांत वेगळाच होतो, तो 'राष्ट्रीय स्पर्धा' या शब्दांचा. भारतीय जलतरण महासंघ दरवर्षी घेतो ती राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, तिथे फक्त जलतरणाचे प्रकार. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा वेगळी, तिच्यात अनेक खेळ, राज्यांचे संघ, आणि ती दरवर्षी होतेच असं नाही. शालेय राष्ट्रीय ही आणखी तिसरी. तिन्हींच्या विजेत्याला नुसतं 'राष्ट्रीय विजेता' लिहिलं की वाचकाला काहीच कळत नाही. ताई, लेकीचं नाव उद्या पेपरात आलं तर स्पर्धेचं पूर्ण नाव, वयोगट, अंतर आणि प्रकार एवढं छापायला आवर्जून सांगा. 'फ्रीस्टाइल' एक शब्द, 'स्टाइल'मधला इ ऱ्हस्व, आणि लिंग स्त्रीलिंगी : तिची शंभर मीटर फ्रीस्टाइल.