मयत वडिलांच्या नावावरचा छोटा हत्ती मुलाकडून घेताना

प्रश्न : मी कागल तालुक्यात भाजीपाला पिकवतो. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात माल नेण्यासाठी जून २०१२ मध्ये नोंदणी झालेला एक टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती, १ लाख ६० हजार रुपयांना ठरवला असून २५ हजार रुपये विसार दिला आहे. विकणारा शिरोळ तालुक्यातला आहे. आर.सी. त्याच्या वडिलांच्या नावावर आहे आणि वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांनी हयातीत सह्या करून ठेवलेले कोरे टीटी फॉर्म, म्हणजे मालकी हस्तांतरणाचे अर्ज, मुलाकडे आहेत. आर.सी.वर एका पतसंस्थेचा बोजा आहे. कर्ज फिटल्याचे मुलगा सांगतो, पण ती पतसंस्था आता अवसायनात, म्हणजे बंद करण्याच्या प्रक्रियेत, गेली आहे. गाडीचे पासिंग, म्हणजे योग्यता प्रमाणपत्र, चार महिन्यांपूर्वी संपले आहे. एजंट म्हणतो, ‘बाकीचे पैसे द्या, गाडी घेऊन जा, कागद मागाहून होतील.’ पंधरा वर्षांनी गाडी भंगारात जाते असेही काही जण सांगतात. गाडी घ्यावी का? न घेतल्यास विसार परत मिळेल का?

उत्तर : ही गाडी घेऊच नये असे मी म्हणणार नाही. परंतु एजंट ज्या क्रमाने व्यवहार उरकू पाहत आहे, त्या क्रमाने तो केल्यास आपल्या हाती गाडी येईल आणि मालकी मात्र येणार नाही. जुन्या मालवाहू गाडीच्या किमतीतला मोठा भाग ती नावावर होण्यावर आणि तिचे पासिंग होण्यावर अवलंबून असतो. म्हणून इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी कागद वाचावेत.

सर्वांत गंभीर बाब कोऱ्या टीटी फॉर्मची आहे. मालकी हस्तांतरणाचे नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज विकणाऱ्याने विक्रीच्या वेळी सही करून द्यायचे असतात, आणि विकणारा हयात नसेल तर त्याच्या नावे विक्री होऊच शकत नाही. वडिलांची सही खरी असली, तरी त्यांच्या मृत्यूनंतर त्या कोऱ्या कागदावर मागची तारीख आणि आपले नाव भरणे म्हणजे कधी न झालेल्या विक्रीचा खोटा दस्तऐवज तयार करणे होय. भारतीय न्याय संहितेचे कलम ३३६ बनावटीकरणाबाबत आणि कलम ३४० बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरण्याबाबत आहे. तो अर्ज परिवहन कार्यालयात सादर होईल तेव्हा त्यावर घेणारा म्हणून आपली सही असेल, एजंटची नसेल. ‘सगळे असेच करतात’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. फौजदारी प्रकरणात तो बचाव होत नाही.

कायद्याने यासाठी सरळ वाट दिलेली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५०(२) प्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर ज्याच्या ताब्यात गाडी येते त्याने ती आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावयाची असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५६ नुसार मृत्यूची खबर ३० दिवसांत आणि नमुना ३१ मधील अर्ज तीन महिन्यांत देणे अपेक्षित आहे. येथे दोन वर्षे उलटली असल्यामुळे विलंबाची रक्कम भरावी लागेल, पण काम अडणार नाही. वडिलांचा मृत्यू दाखला, वारसांची माहिती आणि इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र देऊन गाडी मुलाच्या नावावर झाली, की मग त्याने आपल्याला विकावी. ही दोन हस्तांतरणे आहेत आणि पहिल्याचा खर्च विकणाऱ्याचा आहे, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे.

इतर वारसांचा मुद्दा एजंटांना क्षुल्लक वाटतो, तो तसा नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू असलेल्या कुटुंबात मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हयात असल्यास तीही, हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस ठरतात. गाडी मुलगा चालवत होता म्हणून ती एकट्याची होत नाही. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम २८ मध्ये घेणाऱ्याला काही संरक्षण आहे : सहमालकांच्या परवानगीने एकट्याच्या ताब्यात असलेली वस्तू त्याच्याकडून सद्भावनेने, आणि त्याला विकण्याचा अधिकार नाही हे ठाऊक नसताना घेतली, तर घेणाऱ्याला मालकी मिळते. परंतु आर.सी. वडिलांच्या नावावर आहे आणि ते वारले आहेत हे आपल्याला आज माहीत असल्याने उद्या एखाद्या बहिणीने हक्क सांगितल्यास ‘मला कल्पना नव्हती’ असे आपण म्हणू शकणार नाही. म्हणून आईची आणि बहिणींची लेखी संमती पैसे देण्याआधीच घ्यावी.

पतसंस्थेच्या बोजाबाबत मुलाच्या शब्दावर विसंबू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ नुसार, आर.सी.वर बोजाची नोंद असेपर्यंत कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतरणाची नोंद होत नाही. बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ वर पतसंस्थेची सही व शिक्का आणि सोबत कर्ज निरंक असल्याचा दाखला लागतो. संस्था अवसायनात गेली म्हणजे हे काम संपले असे समजू नये. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली निबंधकांनी नेमलेला अवसायक तिचे दप्तर सांभाळतो आणि सहीचा अधिकार त्याचाच असतो. तो कोण, हे सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात समजेल. कर्जाचे शेवटचे हप्ते थकलेले असतील, तर याच अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघालेला असण्याचीही शक्यता आहे, आणि तसे असेल तर आपण भरलेले पैसे वाचवायला कोणी येणार नाही. मुलाकडे हप्त्यांच्या पावत्या असतील, तर त्या अवसायकाकडील खात्याशी ताडून पाहाव्यात.

आता पासिंगकडे वळू. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली, की योग्यता प्रमाणपत्र एका वेळी एकाच वर्षासाठी मिळते; आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार ते नसलेली गाडी वैध नोंदणी झालेली मानली जात नाही. पासिंग करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असावी आणि गाडी आपल्या ताब्यात येण्यापूर्वी ते झालेले असावे. त्याच वेळी वाहनकर, आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचा पर्यावरण कर, प्रलंबित ई-चलन आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना लागणारी उच्च सुरक्षा नंबरप्लेट यांचाही हिशेब उघड होतो. पंधरा वर्षांनी गाडी आपोआप भंगारात जाते हा समज मुख्यतः दिल्ली परिसरासाठीच्या आदेशांवरून पसरला आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी संपते ती सरकारी मालकीच्या गाड्यांची. आपली गाडी जून २०२७ नंतरही, दरवर्षी पासिंग होत राहील तोवर, कोल्हापुरात चालवता येईल. फक्त वयाबरोबर पासिंगचे शुल्क बरेच वाढते, आणि ती वाढ धरूनच आज भाव करावा.

गाडी शिरोळ तालुक्यातली आहे, ही गोष्ट आपण ओझरती लिहिली आहे. मला ती फार महत्त्वाची वाटते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगा आणि कृष्णेच्या काठची गावे दिवसेंदिवस पाण्यात होती आणि त्यात असंख्य गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊन, रंगवून, नवी आसने बसवून विकली जाते, पण पाण्याच्या खुणा पुरत्या जात नाहीत. आसनाखालची पट्टी, फ्यूजच्या डबीतील जोडण्यांवर चढलेला हिरवा थर, दिव्यांच्या आत साचलेला गाळ आणि शेवटपर्यंत ओढल्यावर दिसणारा सीटबेल्टचा आतला भाग हे सारे आपल्या विश्वासातील मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. चेसिस खालून नुकतीच काळी रंगवलेली असेल, तर रंग कशावर चढवला आहे ते खरवडून पाहण्याचा आग्रह धरावा. दोन सिलिंडरच्या, सातशे सीसीच्या आसपासच्या इंजिनाची ही गाडी साधारण पाऊण टन मालासाठी बनवलेली आहे आणि बाजारात तिच्यावर किती लादतात हे आपण रोज पाहता. म्हणून मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि ते जेथे चेसिसला जोडलेले असतात तेथील तडे नीट तपासावेत. चेसिसवर ठोकलेला क्रमांक आर.सी.शी जुळतो की नाही हे पाहावे, कारण हस्तांतरणाच्या अर्जावर त्याचा पेन्सिलने घेतलेला छाप द्यावा लागतो. हौदा उंच केलेला किंवा सीएनजी किट बसवलेले असेल, तर ते आर.सी.वर नोंदलेले आहे का हेही विचारावे. किलोमीटरच्या आकड्याला मी काडीचीही किंमत देत नाही.

ही तपासणी मिस्त्रीची वाटली, तरी तिचे महत्त्व कायदेशीर आहे. मालविक्री कायद्याचे कलम १६ मुळात घेणाऱ्यानेच सावध राहावे या तत्त्वावर उभे आहे. जुन्या वस्तूच्या दर्जाची हमी कायदा सहसा स्वतःहून गृहीत धरत नाही. विकणाऱ्याने दोष मुद्दाम झाकला, तर ती करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फसवणूक होते, पण तो केवळ गप्प राहिला आणि साध्या चौकशीत दोष कळण्यासारखा होता, तर कलम १९ मधील अपवाद आपल्या विरोधात जातो. म्हणून ‘ही गाडी कधीही पुराच्या पाण्यात बुडालेली नाही, तिच्या पूर्ण नुकसानीचा विमा दावा कधी घेतलेला नाही आणि तिच्यावर कोणताही गुन्हा वा दावा प्रलंबित नाही’ असे विकणाऱ्याच्या सहीनिशी लिहून घ्यावे. त्याला हे लिहायला संकोच वाटला, तर तेवढ्यानेही आपल्याला बरेच कळेल.

‘गाडी घेऊन जा’ या सूचनेला साफ नकार द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात, भरपाईच्या दायित्वासाठी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे स्पष्ट केले आहे. येथे तो मालकच हयात नाही, पासिंग संपलेले आहे आणि विमा मयताच्या नावावर आहे. उचगावच्या पुलाजवळ एखादा दुचाकीस्वार जखमी झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वारस, आपण आणि विमा कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत वर्षे घालवाल. शिवाय स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळण्याची आशा जवळजवळ नसेलच. नावावर झाल्यानंतर १४ दिवसांत विमा आपल्या नावे करून घेण्याचा अर्ज द्यावा. परवाना आणि परमिट यांची चिंता नसावी : हलक्या वाहनाचा परवाना असणारा ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे, आणि ३,००० किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही.

आता विसाराविषयी. आपल्याला गाडी नको झाली म्हणून आपण मागे फिरलात, तर विसार बुडू शकतो. पण येथे विकणाऱ्याजवळ आज देण्याजोगी पूर्ण मालकीच नाही, आणि ती त्याने मिळवली नाही तर करार त्याच्याकडून मोडतो. म्हणून आधी त्याला, आणि एजंटलाही, पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने लेखी कळवावे, की वारस नोंद, बोजा उतरवणे आणि पासिंग ही तीन कामे ६० दिवसांत पूर्ण केल्यास आपण बाकीचे १ लाख ३५ हजार रुपये बँकेमार्फत देऊन व्यवहार पुरा करण्यास तयार आहात, अन्यथा २५ हजार रुपये परत करावेत. या पत्रात ‘मला गाडी नको’ असा शब्दही येऊ देऊ नये. मुदत उलटली आणि पैसे आले नाहीत, तर रकमेच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो. एजंटने दलाली घेतली असेल, तर त्याच्याविरुद्ध कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत स्वतंत्र तक्रार करता येईल. गाडी स्वतःच्या उपजीविकेसाठी आणि स्वतः चालवण्यासाठी घेत असल्याने ‘हा व्यापारी व्यवहार आहे’ या आक्षेपाला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येच उत्तर आहे. नोटरी केलेला स्टॅम्प पेपर असल्यास तो, विसार दिल्याची नोंद आणि एजंटचे मोबाईलवरील संदेश आजच जपून ठेवावेत, आणि ते कोरे टीटी फॉर्म कोणत्याही परिस्थितीत स्वतःच्या ताब्यात घेऊ नयेत.