सेमी-हॉलोचे पिकअप बदलण्याआधी

प्रश्न : माझ्याकडे दोन हंबकरची (दोन कॉइलचे पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटार आहे. ब्लूज आणि थोडं जॅझ वाजवतो. नेक (गिटारच्या मानेकडच्या) पिकअपवर खालच्या तारा घुमतात, कॉर्डमधला एकेक स्वर सुटा ऐकू येत नाही. ब्रिज (तारा टेकतात त्या घोडीकडचा) पिकअप उलट कर्कश वाटतो. एका मित्राने १४ किलोओहमचे सिरॅमिक चुंबकाचे पिकअप सुचवले आहेत. ते घेऊ का? गिटारला मागे झाकण नाही, मग वायरिंग करायचं कसं?

उत्तर : ते पिकअप घेऊ नका. किलोओहमचा आकडा म्हणजे पिकअपचा जोर, असं सर्रास समजलं जातं. तो खरं तर कॉइलच्या तारेचा रोध असतो आणि तार बारीक वापरली तरी वाढतो. एकाच जाडीच्या तारेचे वेढे वाढवले तर जोर वाढतो हे खरं, पण त्याबरोबर वरचे स्वर दबतात. तुमचा नेक पिकअप आधीच घुमतोय. तो आणखी घुमेल.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सेमी-हॉलोचा साचा १९५८ साली गिब्सनच्या ईएस-३३५ ने घालून दिला : मधोमध लाकडी ठोकळा, दोन्ही बाजू पोकळ. स्वर छेडताक्षणी त्या पोकळीमुळे जो मोकळेपणा येतो, त्याच्यासाठीच तर आपण ही गिटार घेतो. जास्त जोराचा पिकअप अँपला इतका रेटतो की हळू आणि जोरात छेडलेले स्वर एकाच पातळीवर येतात आणि तो मोकळेपणा जातो. शिवाय फीडबॅकही (अँपचा आवाज पिकअपमध्ये परत शिरून होणारी शिट्टी) लवकर सुरू होतो. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी बनवलेले मूळ हंबकर साधारण साडेसात-आठ किलोओहमच्या आसपासचे होते. तुमच्या वाजवण्याला तेवढे पुरतात.

पण पैसे खर्च करण्याआधी स्क्रूड्रायव्हर हातात घ्या. दोन्ही कडेच्या तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून तार आणि पिकअप यांतलं अंतर मोजा. नेकला सुमारे २.४ मिलिमीटर, ब्रिजला १.६, इथून सुरुवात करा. मग नेक पिकअपची जाड तारेकडची बाजू अर्धा-अर्धा फेरा खाली नेत ऐकत जा. घुमण्याच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

त्यानंतर एफ-होलमधून (गिटारच्या पुढच्या बाजूच्या f आकाराच्या भोकातून) छोटा आरसा आणि टॉर्च घालून पॉटवरचा (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा) आकडा वाचा. व्हॉल्यूमचे पॉट ३०० किंवा २५० किलोओहमचे असतील तर तेच ट्रेबल खात आहेत. नेकला ५०० चा पॉट बसवला की आवाज उघडतो. ब्रिजचा मात्र आहे तसाच ठेवा, तो पिकअप आधीच कर्कश आहे.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर पिकअप बदला. माझी निवड सांगतो : नेकला कमी वेढ्यांचा, अल्निको ५ चुंबकाचा पिकअप, कारण त्याचा खर्ज आटोपशीर राहतो, ब्रिजला थोडे जास्त वेढे असलेला अल्निको २, म्हणजे कर्कशपणा मऊ होईल. दोन्हींना एकच चुंबक हवं, असा काही नियम नाही. मोठ्या आवाजात वाजवत असाल तर मेणात बुडवलेले घ्या, नाहीतर कॉइल आणि झाकणाच्या कंपनांनी शिट्टी वाजते. घेण्यापूर्वी ब्रिजजवळ पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर मोजा, कारण पोलपीसमधलं (तारांखाली येणाऱ्या धातूच्या खिळ्यांमधलं) पहिल्या ते शेवटच्यापर्यंतचं अंतर काही पिकअपमध्ये ५० मिलिमीटरच्या आसपास, तर काहींत ५२-५३ असतं. पिकअपचे पायही पाहा. लांब पाय कधीकधी आतल्या ठोकळ्यावर टेकतात आणि मग पिकअप खाली जातच नाही.

आता वायरिंग. हे काम घाईचं नाही, सुट्टीचा दिवस ठेवा. आधी एफ-होलमधून जे दिसेल त्याचे फोटो काढा. नट सोडण्यापूर्वी प्रत्येक पॉटच्या दांड्याला, स्विचला आणि जॅकला वेगवेगळ्या रंगाचा मजबूत दोरा बांधा. दोऱ्याचं दुसरं टोक भोकातून बाहेर राहिलं पाहिजे, परत येताना तोच वाटाड्या. एफ-होलच्या कडांना कागदी टेप लावा, तिथलं पॉलिश लगेच उडतं. काही गिटारींत ब्रिज पिकअपखालचा ठोकळा कोरलेला असतो. तिथून पॉट काढणं जास्त सोपं.

पॉटच्या भोकांचा नकाशा पुठ्ठ्यावर उतरवा, सगळे पॉट त्यात बसवा आणि सोल्डरिंग बाहेरच उरका. जाळीच्या वेष्टनाची वायर असेल तर जाळीवर प्लॅस्टिकची नळी चढवा. आत कुठे सिग्नलच्या टोकाला उघडी जाळी टेकली की आवाज बंद. ब्रिजकडे किंवा टेलपीसकडे जाणारी अर्थची वायर विसरू नका, ती सुटली तर हम (सततची गुणगुण) येतो. सगळं आत सोडण्यापूर्वी केबल लावून दोन्ही पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा आणि अँपमधून आवाज येतो का बघा.

प्रश्न : मी फक्त ब्रिज पिकअप बदलला. दोन्ही पिकअप वेगवेगळे छान वाजतात, पण दोन्ही एकत्र वाजवायला स्विच मध्यावर ठेवला की आवाज पातळ आणि नाकातून आल्यासारखा होतो. पिकअप खराब आहे का?

उत्तर : पिकअप चांगला आहे, फेज उलटी आहे. दोन्ही एकमेकांचा आवाज कापतात, म्हणून खर्ज गायब होतो. नव्या पिकअपला चार रंगीत वायर आणि एक उघडी वायर असेल तर सिग्नल आणि अर्थच्या टोकांची अदलाबदल करा. उघडी वायर मात्र अर्थलाच राहू द्या. एकच जाळीची वायर असेल तर अदलाबदल करू नका. जाळी पिकअपच्या धातूच्या तळाला आणि झाकणाला जोडलेली असते. ते सिग्नलला लागले की नुसता हम. अशा वेळी आतलं चुंबक फिरवावं लागतं, उत्तर ध्रुव होता तिथे दक्षिण यायला हवा. नेहमीची कॉइलची तार ०.०६ मिलिमीटर जाडीची असते, जरा धक्का लागला की तुटते. पिकअपवर झाकण सोल्डर केलेलं असेल तर हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्या.