‘फ्रीडहोफ’ या जर्मन शब्दाचा मूळ अर्थ ‘शांततेचं अंगण’ असाच आहे का?

फ्रीडं म्हणजे शांतता, होफ म्हणजे अंगण, म्हणून दफनभूमी ती फ्रीडहोफ. तुम्ही केलेली ही फोड जर्मन माणसालाही सहज पटेल. ‘होफ’पुरती ती बरोबरच आहे, रेल्वे स्टेशनला म्हणतात त्या ‘बानहोफ’मधला होफ हाच. पहिलं पद मात्र मुळात ‘फ्रीडं’ नव्हे, वेगळाच शब्द आहे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या जर्मनमध्ये हा शब्द ‘फ्रीटहोफ’ असा होता आणि त्यातलं ‘फ्रीट’ जपणं, राखणं या अर्थाच्या ‘फ्रीटेन’ क्रियापदाशी जोडलेलं होतं. फ्रीटहोफ म्हणजे राखलेली, कुंपणाच्या आतली जागा; पुढे चर्चभोवतालचं आवार. मृतांना तिथेच पुरत, त्यामुळे आवाराचं नाव दफनभूमीला लागलं.

याचा पुरावा उच्चारात सापडतो, आणि मला तो फार आवडतो. मध्ययुगाच्या उत्तरार्धात जर्मनमधल्या जुन्या दीर्घ ‘ई’चा ‘आय’ झाला: ‘वीन’चं वाइन, ‘त्सीट’चं त्साइट (वेळ). त्याच नियमाने फ्रीटहोफचं ‘फ्राइटहोफ’ व्हायला हवं होतं. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाच्या बोलींत ते झालंही! प्रमाण जर्मनमध्ये मात्र ‘फ्रीट’चा अर्थ लोकांच्या विस्मरणात गेला, आणि ओळखीच्या ‘फ्रीडं’ने शब्दाला आपल्याकडे ओढून घेतलं. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

मराठी वाचकाला खरी गंमत याच्याही मागे आहे. ‘फ्रीटेन’ ज्या कुळातलं, त्याच कुळात ‘फ्राय’ (मुक्त) आणि ‘फ्रॉइंड’ (मित्र) येतात. या सगळ्यांचा मूळ धातू प्रेम, आपुलकी या अर्थाचा. आपले प्रिय, प्रीती, प्रेम हे शब्दही त्याच धातूचे. मूळ ‘प’चा जर्मनिक भाषांत (जर्मन, इंग्रजी वगैरे) ‘फ’ होतो: पितृ–फाटर, पाद–फूस, तसंच प्रिय–फ्राय. ‘प्रिय’वरून ‘मुक्त’पर्यंतचा प्रवास विचित्र वाटेल, पण जे आपले, आपल्या कुळातले, ते गुलाम नव्हेत, असा तो अर्थ सरकला. आपलं म्हटलं की जपणं आलंच; ‘फ्रीटेन’चा अर्थ तिथूनच.

आणि ‘फ्रीडं’सुद्धा याच धातूतून आलेला आहे. म्हणजे लोकांनी चुकून जो शब्द आत घेतला, तो परका नव्हता, लांबचा भाऊबंदच होता.