घर्षण मोजायला बसण्याआधी

सुपरलुब्रिसिटी म्हणजे शून्य घर्षण, हा समज आधी काढून टाक. घर्षण गुणांक (घर्षणाचं बल भागिले पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणारं बल) 0.01 च्या खाली गेला की हा शब्द वापरतात, एवढंच.

दोन सारखे कंगवे दात समोरासमोर धरून सरकव. दातात दात अडकतील. आता त्यातला एक बारीक दातांचा घे. अडकणं बरंच कमी होतं, कारण एक दात खाचेत उतरत असताना दुसरा वर चढत असतो. अणूंच्या रांगांचंही तसंच: कोन फिरवला की त्या एकमेकींत बसत नाहीत. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी 2004 साली ग्रॅफाइटचा इवलासा पापुद्रा ग्रॅफाइटवरच वेगवेगळ्या कोनांत सरकवला, तर दर 60 अंशांनी घर्षण उसळायचं, मधल्या कोनांत जवळपास नाहीसं व्हायचं. म्हणून घर्षणाच्या आकड्याशेजारी कोन लिहीच. मी सुरुवातीला लिहायचो नाही. महिनाभराची मोजमापं रद्दीत गेली!

आणि हो, मॉलिब्डेनम डायसल्फाइड (एक कोरडं वंगण) दमट हवेत तपासू नकोस. ते निर्वातात किंवा कोरड्या वायूतच खुलतं.