अपधमनीतला ‘अप’

प्रश्न असा आहे: घरी मराठी, शाळा कन्नड माध्यमाची. मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘अपधमनी’ आणि ‘अभिधमनी’ हे शब्द आहेत, तर घरातल्या जुन्या मराठी पुस्तकात तशाच चित्राखाली ‘रोहिणी’ आणि ‘नीला’. ‘अप’ म्हणजे वाईट, तेव्हा अपधमनी म्हणजे अशुद्ध रक्ताची, म्हणजेच नीला, असं धरायचं का? आणि घरात सगळे सरसकट ‘नस’ म्हणतात, त्याचं काय?

तसं धरू नका, नेमकं उलटं आहे. अपधमनी म्हणजे रोहिणी आणि अभिधमनी म्हणजे नीला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे दोन भाषांत वाढणारी मुलं इथे अडखळतात, त्यात त्यांचा दोष नाही. ‘अप’ ऐकला की मराठी कानाला अपयश, अपमान, अपशब्द हेच आठवतं. पण या उपसर्गाचा मूळ अर्थ आहे ‘दूर, पासून निघून’. अपहरण म्हणजे दूर नेणं. व्याकरणातलं अपादान आठवा: झाडावरून पान गळतं, तेव्हा ज्यापासून ते सुटतं ते झाड अपादान. ‘अभि’ याच्या उलट, ‘कडे’. अभिमुख म्हणजे कडे तोंड केलेला, आणि ठरल्या जागी प्रियकराकडे निघालेली ती अभिसारिका. मराठी भौतिकशास्त्रातही ही जोडी आहेच, अभिकेंद्री बल केंद्राकडे आणि अपकेंद्री केंद्रापासून दूर. आता केंद्राच्या जागी हृदय ठेवा. हृदयापासून निघते ती अपधमनी, हृदयाकडे येते ती अभिधमनी. रक्त चांगलं की वाईट, याचा या नावांशी काहीही संबंध नाही.

दुसरा खड्डा ‘धमनी’ या शब्दातच आहे, आणि तो जास्त खोल आहे. मराठीत आणि हिंदीत धमनी म्हणजे फक्त हृदयापासून निघणारी वाहिनी. कन्नडमधल्या जोडीत मात्र धमनी दोन्हीकडे आहे, फरक करतो तो उपसर्ग. म्हणून मराठी वाचक ‘अभिधमनी’ला धमनीचाच एक पोटप्रकार समजतो, आणि एकदा तसं समजलं की पुढची सगळी आकृती उलटी पाठ होते. मुलाला सांगायचं ते एवढंच, की धमनीकडे बघू नको, उपसर्गाकडे बघ.

धमनी आली ‘ध्मा’ या धातूवरून, म्हणजे फुंकणे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, तिसाव्या अध्यायात, व्युत्पत्ती एका ओळीत दिली आहे: ‘ध्मानाद्धमन्यः, स्रवणात् स्रोतांसि, सरणात् सिराः’. भात्यासारखी फुगते ती धमनी, पाझरतं ते स्रोतस, सरते ती सिरा. आपली ‘शीर’ ही त्या सिरेचीच लेक. प्राचीन ग्रीकांनीही धमनीचा संबंध हवेशीच जोडला होता, कारण प्रेतात धमन्या बहुधा रिकाम्या सापडतात. हृदय थांबल्यावर त्यांच्या जाड, स्नायुमय भिंती आकसतात आणि रक्त शिरांकडे सरकतं. रक्त वर्तुळात फिरतं हे इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने 1628 साली मांडलं आणि धमनी ते शीर (म्हणजे नीला) यांच्यामधला सूक्ष्म दुवा, केशवाहिनी, इटालियन शास्त्रज्ञ माल्पिघीने 1661 मध्ये बेडकाच्या फुफ्फुसात पाहिला.

रोहिणी आणि नीला हे शब्दही जुनेच आहेत, पण आज त्यांना दिलेला अर्थ जुना नाही. सुश्रुताने शारीरस्थानात 700 सिरा मोजल्या आणि त्यांचे चार गट केले. वाताच्या अरुणा, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी, रक्ताच्या रोहिणी, प्रत्येकी 175. म्हणजे सुश्रुताची नीला पित्त वाहते आणि हात लावला तर उष्ण लागते. आधुनिक पाठ्यपुस्तकांनी त्या चारांतल्या दोन उचलून वेगळ्या कामाला लावल्या, लाल ती रोहिणी, निळी दिसते ती नीला. शब्द सुंदर आहेत यात वाद नाही. अडचण अशी की ते रंगावरून ठेवलेले आहेत, आणि रंग ही खूण तीन-चार ठिकाणी दगा देते.

पहिलं ठिकाण फुफ्फुस. हृदयाच्या उजव्या निलयातून, म्हणजे खालच्या कप्प्यातून, फुफ्फुसाकडे जाणारी वाहिनी काळपट रक्त नेते, तरी ती रोहिणीच, कारण ती हृदयापासून निघते. फुफ्फुसाकडून डाव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, येणाऱ्या चार वाहिन्या लालभडक रक्त आणतात, तरी त्या नीला. परीक्षेत हमखास विचारला जाणारा आणि हमखास चुकणारा प्रश्न हाच, पण अप-अभि लक्षात ठेवणाऱ्या मुलाचा तो चुकत नाही.

दुसरं ठिकाण नाळ. (कन्नडमध्ये ‘नाळ’ म्हणजे कुठलीही नळी, म्हणून रक्तवाहिनी ती रक्तनाळ. मराठीत नाळ म्हटलं की बाळाचीच.) नाळेत साधारणपणे तीन वाहिन्या असतात, दोन रोहिणी आणि एक नीला. बाळाच्या हृदयाकडून वारेकडे जाणाऱ्या दोन रोहिणींमध्ये प्राणवायू कमी असतो, आणि वारेतून बाळाकडे येणाऱ्या एकट्या नीलेत जास्त. इथे रंगाचा नियम सपशेल आडवा होतो, दिशेचा मात्र टिकतो.

तिसरं ठिकाण डायलिसिसच्या रुग्णाचा हात. मनगटाशी किंवा कोपराशी रोहिणी थेट नीलेला जोडतात, त्याला फिस्तुला म्हणतात. काही आठवड्यांत ती नीला फुगते, भिंत जाड होते, बोट ठेवलं तर घरघर लागते, आणि तिच्यातून लाल रक्त वाहतं. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, नेहमीच्या तपासणीसाठी सुई टोचायची नाही, घट्ट बांगडी किंवा घड्याळ घालायचं नाही. घरघर थांबली तर गुठळी झाली असण्याची शक्यता, त्याच दिवशी दाखवायचं. बायपासची गोष्ट याहून गमतीची. पायातली नीला काढून हृदयाच्या अडलेल्या रोहिणीला वळसा म्हणून बसवतात, पण ती उलटी करून. शिरेत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात, सुलट बसवली तर त्याच रक्त अडवतील.

आता ‘अशुद्ध रक्त’. हा शब्द मराठीतून जितक्या लवकर जाईल तितकं बरं. विश्रांतीत असताना रोहिणीतल्या रक्तातला रक्तकण प्राणवायूने 95 ते 100 टक्के भरलेला असतो, आणि सगळ्या शरीरातून फिरून हृदयाशी परतलेला सुमारे 75 टक्के. म्हणजे चारांतला एकच वाटा खर्च झालेला असतो. त्याला अशुद्ध म्हणणं म्हणजे डब्यातल्या चारांतल्या तीन भाकऱ्या तशाच असताना डबा रिकामा म्हणणं. शिवाय कशाच्या दृष्टीने अशुद्ध? मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या नीलेत युरिया आत जाणाऱ्या रोहिणीपेक्षा कमी असतो, तिथे नीलाच ‘शुद्ध’ ठरते. आणि रक्त निळं तर कधीच नसतं, नीलेतलं ते गडद लाल. शीर निळी दिसते ती कातडीतून प्रकाश परतताना होणाऱ्या गाळणीमुळे. ‘प्राणवायूयुक्त’ आणि ‘प्राणवायू कमी असलेलं’ हे शब्द लांबलचक आहेत खरे, पण खोटं तरी बोलत नाहीत.

दाब मात्र नावाइतकाच कामाचा. हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त ढकलतं, मिनिटाला 72 ठोके धरले तर पाच लिटर, म्हणजे अंगातलं जवळपास सगळं रक्त मिनिटात एक फेरी मारतं. दंडाच्या रोहिणीत दाब 120/80 च्या आसपास (कन्नड फलकावर ‘रक्तदोत्तड’, ओत्तड म्हणजे दाब), तर हृदयाशी पोचणाऱ्या शिरेत जवळजवळ शून्य. म्हणून ऊसतोडीत कोयता लागला आणि रक्त ठोक्यागणिक उसळलं, तर रोहिणी कापली. संथ, गडद ओघळ असेल तर शीर. दोन्हीत पहिलं काम एकच: स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळव्याने जोरात, सलग दाबून धरायचं. थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते. उसळणारं रक्त असेल तर दाब न सोडताच दवाखाना गाठायचा.

शिरेला स्वतःचा जोर नाही, पोटरीचे स्नायू तिला वर पिळतात. न हलता उभं राहिलं तर घोट्याजवळच्या शिरेत दाब 90 मिलिमीटरपर्यंत चढतो, चालायला लागलं की 30 च्या आसपास उतरतो. बेळगावातल्या वडगाव-शहापूरकडे यंत्रमागावर तासन्‌तास उभं राहणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर गाठाळलेल्या शिरा दिसतात, त्याचं कारण हे. झडपा ढिल्या पडतात, रक्त खाली साचतं. मागाभोवती फेरी घालणं, टाचा उचलून-टेकवून पोटरी हलवणं, हा त्यावरचा बिनखर्ची उतारा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर मात्र चोळायचं नाही. आत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.

राहिली ‘नस’. मराठीत नस आणि शीर हे दोन्ही शब्द रक्तवाहिनीलाही चालतात आणि मज्जातंतूलाही. ‘कमरेची नस दबली’ यातली नस मज्जातंतू, ‘हार्टची नस ब्लॉक’ यातली रोहिणी, ‘सलाईनला नस सापडेना’ यातली नीला. बोलण्यात हे चूक नाही, भाषा अशीच चालते. कन्नडमध्ये ‘नर’ शब्दाचीही तीच गत, पुस्तकात मज्जातंतू, गावात शीरही. (मराठी पेशंटला ‘नर’ ऐकून वेगळंच वाटतं ते सोडा.) गोंधळ होतो तो दवाखान्यात, मराठी ‘नस’ आणि कन्नड ‘नर’ समोरासमोर आले की. तिथे शब्दावर अडू नये, लक्षण सांगावं. मुंग्या येतात, बधिर होतं, कमरेतून पायात कळ उतरते, हे मज्जातंतूचं. ठराविक अंतर चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत उतरते, हे रोहिणीचं. संध्याकाळी पाय जड होतात आणि उंच ठेवले की बरं वाटतं, हे शिरेचं.

बाकीचे जोडशब्द सोपे आहेत. केशवाहिनी ती कन्नडमध्ये लोमनाळ, केस आणि लोम एकच. अलिंद म्हणजे हृत्कर्ण, त्याला जुन्या मराठीत कर्णिका म्हणत, कान दोन्हीकडे आहेच. निलय म्हणजे हृत्कुक्षी, यातली कुक्षी म्हणजे आपली कूस. कन्नड पेपरात अपधमनी-अभिधमनी लिहावं, मराठीत रोहिणी-नीला किंवा धमनी-शीर, पण एकाच उत्तरात ‘धमनी’ आणि ‘अभिधमनी’ एकत्र आणू नयेत.