मीटर वाजला म्हणजे मशीन गळतंय का?

प्रश्न: मी एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. एक्स-रे मशीन दहा वर्षांचं आहे. भावाने ऑनलाइन मागवलेला गायगर मीटर (किरणं आली की वाजणारं यंत्र) मी खिशात ठेवला, तर फोटो काढताना तो टरटर वाजला. लहान मुलांच्या तोंडात फिल्म मीच धरते. मशीन गळत असेल का? डॉक्टरांना कसं विचारू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, मीटरचं नंतर बोलू. उद्यापासून फिल्म धरणं बंद करा. तुमची बोटं थेट किरणांच्या वाटेत येतात. फिल्म होल्डर वापरा. मूल ऐकतच नसेल तर आईने किंवा वडिलांनी लेड एप्रन घालून धरावं. तुम्ही रोज तिथे असता, म्हणून तुम्ही नाही. मशीन तपासायला जातो त्या प्रत्येक दवाखान्यात मी हे सांगतो. एकदा माझ्यासमोरच एका मदतनीस मुलीने सवयीने हात पुढे केला होता, तो मी अजून विसरलो नाही.

आता मीटर. तो वाजला ते खरंच आहे, पण बहुधा गळतीमुळे, म्हणजे मशीनच्या आवरणातून किरणं झिरपल्यामुळे, नव्हे. पेशंटच्या गालावर, जबड्यावर आपटून किरणं चहूकडे विखुरतात, त्यातली तुमच्या खिशापर्यंत आली. शिवाय फोटो 0.2 सेकंदात उरकतो आणि असा मीटर काही सेकंदांची सरासरी दाखवतो. त्यावरचा आकडा धरून चालू नका.

गळती मोजायची तर खुर्ची रिकामी हवी. मी कोनचं, म्हणजे किरणं बाहेर सोडणाऱ्या नळीचं, तोंड शिशाच्या जाड पत्र्याने बंद करतो, टेपने एक मीटर मोजून आयन चेंबरचा (डोस मोजणारा) मीटर ठेवतो आणि डावी, उजवी, पुढे, मागे, वर अशा सगळ्या बाजूंनी एकूण डोस मोजतो. समजा, एक-एक सेकंदाच्या दहा एक्स्पोजरना 1 मायक्रोग्रे (डोसचं एकक) आला. किरणं तयार करणारी ट्यूब गार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे असं मशीन तासाभरात फार तर 120 सेकंद चालतं. म्हणजे तासाला 12 मायक्रोग्रे झाले. मर्यादा 250 ची आहे. बहुतेक मशीन यात आरामात बसतात.

मला जास्त काळजी असते ती आउटपुटची, म्हणजे प्रत्यक्षात किती किरणं निघतात त्याची. टाइमर 0.2 सेकंद दाखवतोय आणि प्रत्यक्षात किरणं 0.34 सेकंद निघतायत, म्हणजे पेशंटला 70 टक्के जादा डोस, आणि कुणाला पत्ता नाही! म्हणून व्होल्टेजमधला फरक 5 केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) आत, वेळेतला फरक 10 टक्क्यांच्या आत आणि तीच सेटिंग ठेवून पुन्हा पुन्हा घेतलेला डोस जवळपास सारखा आहे का, हे तपासावंच लागतं.

डॉक्टरांना आरोपासारखं विचारू नका. “सर, आपला मागचा क्यूए रिपोर्ट कधीचा आहे?” एवढंच विचारा. क्यूए म्हणजे मशीनची गुणवत्ता तपासणी. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाने ही तपासणी दर दोन वर्षांनी व्हायला हवी, आणि मशीनची नोंद मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवर हवी. रिपोर्ट असेल तर टाइमर आणि गळतीचे आकडे स्वतः वाचा. आणि बटणाची वायर पूर्ण ताणून दोन मीटर लांब, कोनच्या तोंडासमोर न येता, बाजूला किंवा मागे उभ्या राहा. अर्ध्या मीटरवरून दोन मीटरवर गेलात की डोस सोळापट कमी होतो. वायर तुटून आखूड झाली असेल तर नवी बसवायला सांगा.