पुढे पळणारा शेवटी मागे का पडतो? १५०० मीटरबद्दल वाचकांचे प्रश्न

पॅरिस ऑलिम्पिकपासून या रेसवर प्रश्न येतच आहेत, २०२५ च्या टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपनंतर तर अजूनच वाढले. त्यातले काही या वेळी एकत्र घेतेय, एकाच्या उत्तरात दुसऱ्याचं उत्तर दडलेलं आहे म्हणून.

प्रश्न: पॅरिसच्या १५०० मीटर फायनलमध्ये नॉर्वेचा इंगेब्रिग्टसन जवळजवळ पूर्ण रेस पुढे होता, मग शेवटच्या शंभर मीटरमध्ये एकदम चौथा कसा काय झाला? दमला म्हणावं तर टायमिंग भारी होतं.

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

६ ऑगस्ट २०२४ ची ती फायनल. याकोब इंगेब्रिग्टसन टोकियो २०२० ऑलिम्पिकचा चॅम्पियन, आणि पॅरिसच्या आधी महिनाभरच मोनॅकोत त्याने ३ मिनिटं २६.७३ सेकंदांचा युरोपियन रेकॉर्ड केलेला, म्हणजे फॉर्म एकदम कडक होता. त्याने सुरुवातीलाच पुढे जाऊन स्पीड लावला. पहिले ४०० मीटर साधारण ५५ सेकंदांत, ८०० ला १:५१ च्या आसपास, १२०० ला २:४७ च्या आसपास. प्लॅन साधा होता, की मी इतका वेगाने पळतो की मागच्यांच्या पायात शेवटच्या किकसाठी, म्हणजे अखेरच्या जोराच्या धावेसाठी, काही शिल्लकच राहू नये.

आता गडबड कुठे झाली ते बघा. पहिला लॅप (ट्रॅकचा ४०० मीटरचा फेरा) ५५ आणि पुढचे दोन्ही ५६ च्या आसपास. म्हणजे सुरुवातीला ताण दिला आणि मग मधे जरासा सैल सोडला, आणि मागचे सगळे तिथे आरामात चिकटून राहिले. या लेव्हलला धावपटू तासाला २६ किलोमीटरच्या वेगाने पळत असतात, वारा नसला तरी समोरची हवा कापायला ताकद लागते आणि ती पुढच्याचीच जाते, मागच्याला आडोसा मिळतो. शिवाय मागच्याला वेग ठरवायचा नसतो, फक्त समोरच्या पाठीकडे बघत राहायचं असतं, डोकं शांत राहतं. पुढच्याला मात्र मागे कोण आहे, किती जवळ आहे काहीच दिसत नाही. थोडक्यात जो पुढे पळतो तो बाकीच्या सगळ्यांचा फुकटचा पेसर, म्हणजे वेग लावून देणारा, होतो.

हे किती खरं आहे ते अमेरिकेच्या कोल हॉकरकडे बघून कळतं. त्याचं तोपर्यंतचं बेस्ट होतं ३:३०.५९. त्या दिवशी तो पळाला ३:२७.६५, नवीन ऑलिम्पिक रेकॉर्ड! एका रेसमध्ये जवळपास तीन सेकंदांची सुधारणा, ही काही रोज होणारी गोष्ट नाही. ब्रिटनचा जॉश केर ३:२७.७९, अमेरिकेचाच यारेद नुगुसे ३:२७.८०. आणि इंगेब्रिग्टसन ३:२८.२४, जे त्याच्या स्वतःच्याच आधीच्या ऑलिम्पिक रेकॉर्डपेक्षा (३:२८.३२) चांगलं टायमिंग आहे आणि तरीही मेडल नाही. मला अजूनही ते आकडे बघितले की त्याच्यासाठी वाईट वाटतं.

शेवटचे २०० मीटर तुम्ही परत बघा, रिप्लेमध्ये स्लो करून बघा. बेंडवर, म्हणजे वळणावर, हॉकर आतल्या बाजूने घुसायचा प्रयत्न करतो, इंगेब्रिग्टसन आत सरकून दार बंद करतो, हॉकरला स्पीड तोडावा लागतो, इथे नव्वद टक्के लोकांची रेस संपते. पण बाहेरून केर येतोय म्हटल्यावर इंगेब्रिग्टसनचं लक्ष त्याच्याकडे जातं आणि होम स्ट्रेटला, म्हणजे फिनिशकडच्या सरळ भागात, तो थोडासा बाहेर सरकतो, तेवढ्यात आतली जागा परत उघडते आणि हॉकर दुसऱ्यांदा त्याच फटीतून जातो. सगळे म्हणत होते केर विरुद्ध इंगेब्रिग्टसन, दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि तिसराच आतून गेला. चार दिवसांनी त्याच इंगेब्रिग्टसनने ५००० मीटरचं गोल्ड जिंकलं हेही लक्षात ठेवा, म्हणजे तो कमी पडला असं कोणी म्हणू नये.

प्रश्न: मग रेकॉर्ड करताना तोच खेळाडू पुढे पळून जिंकतो, आणि ऑलिम्पिकमध्ये का हरतो? वर्ल्ड रेकॉर्डवाला म्हणजे गोल्ड पक्कं असं का नाही?

कारण त्या दोन वेगळ्याच रेसेस आहेत. डायमंड लीगसारख्या मीटमध्ये पेसर असतात, त्यांचं कामच ठरलेल्या स्पीडने काही लॅप ओढून बाजूला व्हायचं. आता तर ट्रॅकच्या कडेला लाइट पळतात, किती पुढे-मागे आहोत ते पळता पळता दिसतं. चॅम्पियनशिपला यातलं काही नाही. टायमिंगला मेडल नसतं, नंबरला असतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मोरोक्कोचा हिशाम एल गेरूज. त्याचा ३:२६.०० चा वर्ल्ड रेकॉर्ड १४ जुलै १९९८ चा, रोमचा, आणि अजून कोणाला मोडता आलेला नाही. पण ऑलिम्पिक? १९९६ ला अटलांटात शेवटच्या लॅपच्या तोंडावर पुढच्याच्या पायाला पाय लागून पडला आणि शेवटचा आला. २००० ला सिडनीत केनियाच्या नोहा नगेनीने त्याला अगदी शेवटी गाठलं, ३:३२.०७ आणि ३:३२.३२. चार वर्षं जगात त्याच्यासमोर कोणी टिकत नव्हतं आणि त्या एका संध्याकाळी सिल्व्हर. शेवटी २००४ ला अथेन्समध्ये जिंकला, तेही केनियाच्या बर्नार्ड लगाटपेक्षा फक्त ०.१२ सेकंदांनी, आणि त्याच ऑलिम्पिकला ५००० पण जिंकला. मला तर वाटतं त्याच्या रेकॉर्डपेक्षा अथेन्सचं ते गोल्ड मोठं आहे, कारण आठ वर्षं वाट बघून मिळवलेलं आहे.

प्रश्न: रिओत म्हणे गोल्डचं टायमिंग ३ मिनिटं ५० सेकंद होतं. इतकं स्लो पळून ऑलिम्पिक जिंकता येतं?

हो, बरोबर ३:५०.००. २०१६, अमेरिकेचा मॅथ्यू सेंट्रोविट्झ. १९३२ नंतरची सगळ्यात स्लो ऑलिम्पिक फायनल. त्याच महिन्यात नाही पण पुढच्याच महिन्यात रिओतच पॅरालिम्पिकमध्ये कमी दृष्टी असलेल्या धावपटूंच्या १५०० मीटर फायनलमध्ये पहिले चारही जण यापेक्षा वेगाने पळाले, अल्जेरियाचा अब्देललतीफ बाका ३:४८.२९ मध्ये जिंकला. ही बातमी तेव्हा खूप फिरली आणि लोक सेंट्रोविट्झला हसले, जे मला पटत नाही.

का, ते सांगते. तो पुढे होता पण कोणी ओव्हरटेकच केलं नाही, प्रत्येकजण दुसऱ्या कोणीतरी वेग वाढवेल म्हणून थांबला. मग तो कशाला वाढवेल? त्याने आतली लाइन धरून ठेवली आणि शेवटचा लॅप मात्र साधारण ५१ सेकंदांत काढला. मागच्यांना बाहेरून जावं लागलं, आणि बाहेरून जाणं महाग पडतं. एक लेन १.२२ मीटरची असते, पूर्ण बेंड एक लेन बाहेरून पळालात की जवळपास ३.८ मीटर जास्तीचे पळावे लागतात, म्हणजे तेवढ्यातच अर्धा सेकंद गेला. पुढे राहून वेग न वाढवणं, ही पण एक ताकदच आहे. पॅरिसला इंगेब्रिग्टसनला जे जमलं नाही ते याला जमलं, त्याने कोणाला फुकट ओढत नेलंच नाही.

प्रश्न: ८०० मीटरला रुडिशा पुढे राहूनच जिंकला होता की! तिथे हा नियम लागत नाही का?

लागतो, पण कमी लागतो. ८०० मध्ये पहिला बेंड सगळे आपापल्या लेनमध्ये पळतात आणि मग आत येतात, नंतर विचार करायला वेळच उरत नाही. आणि दुसरं म्हणजे ८०० मध्ये बहुतेक सगळ्यांचाच दुसरा लॅप पहिल्यापेक्षा स्लो असतो, शेवटी जिंकतो तो वेग वाढवणारा नाही तर ज्याचा वेग सगळ्यात कमी घटतो तो. त्यामुळे पुढे असलेल्याला मागून येऊन गाठणं १५०० पेक्षा अवघड.

तरीसुद्धा ९ ऑगस्ट २०१२ ला लंडनमध्ये केनियाच्या डेव्हिड रुडिशाने जे केलं त्याला तोड नाही. पेसर नाही, ऑलिम्पिक फायनल, पहिला लॅप ४९.२८, दुसरा ५१.६३, एकूण १:४०.९१, वर्ल्ड रेकॉर्ड. बाकीचे त्याच्या मागे ओढले गेले ते कसे बघा: बोत्सवानाचा अठरा वर्षांचा नायजेल अमोस १:४१.७३, आणि आठवा, म्हणजे शेवटचा आलेला धावपटू १:४३.७७. हे शेवटचं टायमिंग आधीच्या तीन ऑलिम्पिकमध्ये गोल्ड देऊन गेलं असतं! पेसर तोही झालाच सगळ्यांचा, फक्त तो इतका वेगात होता की चिकटून राहण्याचा फायदा कोणाला घेताच आला नाही. पुढे राहून जिंकायचं तर असं, मधे सैल न सोडता.

प्रश्न: आपल्या श्रीराम सिंगबद्दल वडील नेहमी सांगतात की ऑलिम्पिक फायनलमध्ये तो पहिला होता. खरं का?

खरं आहे, अर्ध्या रेसपर्यंत. १९७६, माँट्रियल, ८०० मीटर फायनल. श्रीराम सिंग सगळ्यात पुढे, पहिला लॅप ५१ सेकंदांच्या आत. दुसऱ्या लॅपमध्ये क्यूबाचा अल्बेर्तो हुआंतोरेना पुढे गेला आणि १:४३.५० चा वर्ल्ड रेकॉर्ड केला. श्रीराम सिंग सातवा, १:४५.७७. आता वाटेल सातवाच ना, पण ते टायमिंग भारताचा नॅशनल रेकॉर्ड म्हणून २०१८ पर्यंत टिकलं, तेव्हा जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ करून मोडलं. बेचाळीस वर्षं! तुमच्या वडिलांना सांगा की त्या वर्ल्ड रेकॉर्डमध्ये पहिल्या लॅपच्या त्या वेगाचा मोठा वाटा होता. १९७४ आणि १९७८ च्या एशियन गेम्समध्ये ८०० चं गोल्ड त्यानेच जिंकलंय, तेही कमी लोकांना माहीत असतं.

प्रश्न: रेसमध्ये इतकी धक्काबुक्की होते, मग कोणाला बाद करतात आणि कोणाला सोडतात?

बाराजण एकाच लेनसाठी भांडतात म्हटल्यावर कोपर लागणारच, नुसता स्पर्श झाला म्हणून कोणी बाद होत नाही. दुसऱ्याची वाट अडली किंवा तो ढकलला गेला असं रेफरीला वाटलं तर बाद. आणि ज्याचं नुकसान झालं त्याला हीट (पहिल्या फेरीची रेस) किंवा सेमीत पुढच्या राउंडला घेता येतं.

२०२५ च्या टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपला हॉकरचंच झालं बघा. सेमीफायनलमध्ये आत अडकला, म्हणजे पुढे माणूस, बाजूला माणूस, निघायला जागा नाही. याला बॉक्स होणं म्हणतात. शेवटी दोघांच्या मधून जागा करत निघाला आणि बाद झाला. पॅरिसला जी फट उघडली ती इथे उघडली नाही, इतकाच फरक. पण गडी काही दिवसांनी ५००० मीटर जिंकूनच गेला.

प्रश्न: टीव्हीवर ही रेस बघताना नेमकं काय बघायचं? आम्हाला शेवटचे दहा सेकंदच कळतात.

पुढच्याकडे बघू नका, ही पहिली गोष्ट. कॅमेरा त्याच्यावरच असतो, पण तुम्ही तिसऱ्या-चौथ्याकडे बघा, आणि तो आत आहे की पुढच्याच्या खांद्याशी बाहेर आहे ते बघा. बाहेरचा दोन-चार मीटर जास्त पळतोय पण मोकळा आहे, आतला वाचवतोय पण अडकू शकतो. १५०० मध्ये ३०० मीटर झाले की तीन पूर्ण लॅप उरतात, त्यामुळे फिनिश लाइन ओलांडताना प्रत्येक वेळी घड्याळाकडे एक नजर टाका: ५५-५६ चे लॅप असतील तर शेवटी दमसास कोणाचा टिकतो ते ठरवेल, ६० च्या पुढचे असतील तर शेवटची किक ठरवेल.

मग शेवटच्या लॅपची घंटा वाजते आणि बॅक स्ट्रेट, म्हणजे फिनिशच्या समोरच्या बाजूचा सरळ भाग, येते. खरी रेस तिथे सुरू होते, शेवटच्या सरळ रस्त्यात नाही. शेवटच्या बेंडला शिरताना जो पहिल्या चारात नाही त्याला गोल्ड मिळणं फार अवघड. अवघड म्हणतेय, अशक्य नाही, कारण २०२५ च्या टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या १५०० फायनलमध्ये पोर्तुगालच्या इसाक नादेरने होम स्ट्रेटमध्ये एकेकाला मागे टाकत शेवटी ब्रिटनच्या जेक वाइटमनला लाइनवर गाठलं.

आणि फिनिशला पाय बघू नका, छाती बघा. निकाल धडावर लागतो, डोकं, हात, पाय मोजत नाहीत, म्हणून सगळे शेवटी छाती पुढे झोकून देतात. नादेर ३:३४.१०, वाइटमन ३:३४.१२.